थरच्या मरुभूमीतील तीन दिवस

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही थरच्या वाळवंटाचा धडा शिकवीत होतो. 'हा प्रदेश उजाड व निरुपयोगी आहे' असे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले, तोच मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, तेथे जर काहीच नाही, तर सरकारने राष्ट्रीय उद्यान कशाचे केले?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर मात्र आम्हांस देता आले नाही. उद्यानाचे नाव आम्हांस ठाऊक होते, क्षेत्रफळही पाठ होते. कारण तेवढे ठाऊक नव्हते. 'पुढे सांगू' असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

शिक्षकाने 'पुढे सांगू' म्हणून ठेवलेली गोष्ट विद्यार्थी सहसा विसरत नाहीत, आणि शिक्षकानेही ती विसरू नये. शिवाय आणखी एक कारण होते. आपल्या वसतिगृहामागे जो चार एकरांचा माळ आहे, तो 'पडीक' असल्यामुळे पुढील वर्षी त्यावर दाट झाडी लावावी, अशी सूचना शाळेच्या समितीपुढे आम्हीच मांडली होती. एका पडीक जागेविषयी इतक्या खात्रीने बोलणाऱ्या माणसाने दुसरी एक पडीक जागा डोळ्यांनी पाहून यावी हे बरे, असे वाटून नाताळच्या सुट्टीत विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्यांसह आम्ही जैसलमेरची वाट धरली. त्या तीन दिवसांत जे पाहिले व समजून घेतले, ते त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येथे देत आहोत.

जोधपूर सोडल्यावर आगगाडी रात्रभर पश्चिमेकडे धावते आणि सुमारे तीनशे किलोमीटरांवर जैसलमेर येते. हा प्रदेश इतका कोरडा का, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे आपल्या सह्याद्रीस आडवे धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. राजस्थानातील अरवली पर्वत मात्र त्या वाऱ्यांस आडवा न येता त्यांच्या दिशेनेच नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरला आहे. त्यामुळे वारे त्याच्या बाजूने निघून जातात. बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे येथे पोहोचेपर्यंत रिते झालेले असतात. परिणामी जैसलमेरच्या बाजूस वर्षाकाठी सरासरी १५० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि ज्यास आपण दुष्काळी म्हणतो त्या आपल्या सोलापूर जिल्ह्यातही पाचशेच्या वर पडतो. या आकड्यांवरून तेथील माणसास एका घागरीचे मोल काय असेल याची कल्पना करावी.

पहाटे गाडीतून उतरलो तेव्हा बोटे बधिर करणारी थंडी होती. वाळवंट म्हणजे उष्णता असे आपण धरून चालतो. परंतु हवेत बाष्प नसल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते. बाष्पाचे पांघरूण नसलेली भूमी रात्री उघडी निजते, असे म्हणावे.

सूर्य वर आला आणि समोर त्रिकूट टेकडीवर जैसलमेरचा किल्ला पिवळाधमक दिसू लागला. भाटी रजपुतांचा राजा रावळ जैसल याने ११५६ साली हे नगर वसविले. किल्ल्यास ९९ बुरूज आहेत. २०१३ साली राजस्थानातील इतर पाच गिरिदुर्गांसह त्याची गणना जागतिक वारशात झाली. इतर किल्ले पाहावयास जावे तर तेथे मोडक्या भिंती व वटवाघळे. येथे मात्र आजही काही हजार माणसे राहतात, मुले दप्तरे घेऊन उतरतात, चुलींचा धूर दिसतो. आत कोरीव कामाची जुनी जैन मंदिरे आहेत. त्यांच्या दगडी जाळ्या पाहता दगड कापला की विणला असा संभ्रम पडतो.

परंतु या किल्ल्याची खरी शिकवण त्याच्या पायथ्याशी आहे. जुन्या काळी पाणी डोक्यावरून वर न्यावे लागे, म्हणून ते थेंबाथेंबाने वापरले जाई. पुढे नळ आले, घरोघर मोऱ्या व शौचकूप झाले, खाणावळी निघाल्या, आणि वापर कित्येक पटींनी वाढला. सांडपाणी वाहून नेण्याची व्यवस्था मात्र त्या मानाने झाली नाही. ते पाणी टेकडीच्या मऊ थरांत मुरले, पाया भिजला आणि तटाचे काही भाग ढासळले. शेकडो वर्षे शत्रूंस व उन्हाळ्यास तोंड दिलेला किल्ला पाण्याने खचावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. जी वस्तू टंचाईच्या हिशेबाने बांधलेली आहे, तीवर विपुलता लादली तर ती टिकतेच असे नाही. हा विचार आम्हांस पुढेही वारंवार आठवला.

किल्ल्याखालील गडीसर तलाव चौदाव्या शतकात रावळ गडसीने नव्याने बांधून काढला. पुष्कळ काळपर्यंत साऱ्या नगराचे पाणी हेच होते. आता इंदिरा गांधी कालव्याचे पाणी या भागात आले आहे. १९५८ साली ज्याचे काम सुरू झाले तो हा कालवा पंजाबातील हरिके येथून निघणाऱ्या जलमार्गाचाच पुढचा भाग आहे. तेथून सतलज व बियास या नद्यांचे पाणी वाळवंटात उतरते.

त्याच दिवशी दुपारी बाडमेरच्या रस्त्याने सुमारे १७ किलोमीटरांवर असलेल्या आकल येथे गेलो. येथे २१ हेक्टरांचे एक उद्यान आहे, परंतु त्यात एकही झाड उभे नाही. झाडे आडवी पडलेली आहेत, आणि ती दगडाची आहेत. तारांच्या जाळीत, पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला एक ओंडका सुमारे १३ मीटर लांब आहे. लांबून पाहता कोणी लाकूडतोड्या नुकताच कुऱ्हाड टाकून गेला असे वाटते. हात लावला तर थंड दगड.

लाकडाचा दगड कसा होतो? झाड नदीच्या पुरात उन्मळून पडले व गाळाखाली गाडले गेले की त्यास हवा मिळत नाही, म्हणून ते लवकर कुजत नाही. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात वाळूचे द्रव्य, म्हणजे सिलिका, विरघळलेले असते. ते लाकडाच्या सूक्ष्म पेशींत शिरते व तेथे साठत जाते. लाखो वर्षांत मूळ लाकडाची जागा दगड घेतो. परंतु आकार, साल व तंतू यांचा ठसा जसाच्या तसा राहतो. आकलचे हे वृक्ष सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी येथे नद्या होत्या, दमट हवा होती, व उंच वृक्षांचे अरण्य होते. पुढे त्याच भूमीवर समुद्र आला. ज्या पिवळ्या चुनखडीच्या दगडाने जैसलमेर बांधले आहे, तो दगड त्या समुद्राच्या तळाशी साचला, आणि म्हणूनच त्यात शंखशिंपले सापडतात. समुद्र मागे हटला, युगे लोटली, आणि आज तेथे वाळवंट आहे.

आमचे सहकारी बराच वेळ त्या ओंडक्याशी उभे होते. ते म्हणाले, "आपण 'वाळवंट' म्हणतो ते या भूमीचे आजचे नाव. पूर्वी ती 'अरण्य' होती, मग 'समुद्र' झाली." येथील खडा उचलून खिशात घालण्यास मनाई आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. प्रत्येक पाहुण्याने एक खडा नेला तर १८ कोटी वर्षे टिकलेले अरण्य शंभर वर्षांत नाहीसे होईल.

दुसऱ्या दिवशी, उजाडण्यापूर्वीच, आम्ही मुख्य उद्यानाकडे निघालो. हे 'मरु राष्ट्रीय उद्यान' १९८० साली राखून ठेवण्यात आले. जैसलमेर व बाडमेर या जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक आहे. नाव 'राष्ट्रीय उद्यान' असले तरी कायद्याने ते अभयारण्य आहे. त्याच्या आत पुष्कळ खेडी व वाड्या आहेत, आणि त्यांस तिकडे 'ढाणी' म्हणतात. आत जाण्यास जैसलमेर येथील वनखात्याची परवानगी काढावी लागते.

आमची पहिली चूक येथे दुरुस्त झाली. वाळवंट म्हणजे वाळूच्या लाटा असे चित्र आम्ही फळ्यावर अनेकदा काढले आहे. प्रत्यक्षात या उद्यानाचा सुमारे पाचवा हिस्साच वाळूच्या टेकड्यांचा आहे. बाकीचा भाग म्हणजे खडकाळ पठारे, खारट सपाट तळ व विस्तीर्ण गवताळ माळ. होय, माळ! गाडी थांबवून उतरलो तेव्हा आम्हांस क्षणभर आपल्याच जिल्ह्यात उभे असल्याचा भास झाला.

हे गवत 'सेवण' जातीचे आहे. त्याचे ठोंब वर्षानुवर्षे जगतात, मुळे वाळूस घट्ट धरून ठेवतात, आणि तिकडची गुरे त्यावर पोसतात. मधूनमधून खेजडीची झाडे दिसतात. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याच्या दिवशी जिची पूजा होते तीच ही. तिची मुळे फार खोल जातात, म्हणून उन्हाळ्यात सारे करपले असताही तिला पालवी असते. तिचा पाला शेळ्या-उंटांस चारा होतो, आणि कोवळ्या शेंगांची 'सांगरी' नावाची भाजी करतात. केर म्हणजे आपल्याकडील नेपती. तिच्या हिरव्या फळांसह शिजविलेली ती सांगरी आम्ही बाजरीच्या भाकरीशी खाल्ली व पुन्हा मागून घेतली. या झाडाची योग्यता तिकडील लोकांस किती आहे हे पाहावयाचे असेल तर जोधपूरनजीकच्या खेजडली गावाचा इतिहास वाचावा. तेथे १७३० साली राजाची माणसे खेजडीची झाडे तोडावयास आली असता अमृतादेवी व तिच्यामागून बिश्नोई समाजातील एकंदर ३६३ स्त्री-पुरुषांनी झाडांस मिठ्या मारून प्राण दिले.

प्राण्यांचे पाहावे तर प्रत्येकाने पाण्याचा आपापला हिशेब बसविला आहे. चिंकारा हरिण पाला व दव यांतूनच ओलावा मिळवून दिवसचे दिवस पाण्यावाचून राहते. सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा बहुतांशी पालाच खातो. तो बिळात राहतो व थंडीचे दिवस निजून काढतो. पखुर्डी पक्ष्यांच्या कुळाची रीत तर ऐकण्यासारखी आहे. त्यांची पिले पाण्यापासून दूर माळावर असतात. नर पाणवठ्यावर येतो, पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवून घेतो व उडत परत जातो. पिले ती ओली पिसे चोचीने पिळून पाणी पितात. बापाने मुलांसाठी पाणी वाहून नेण्याची याहून विलक्षण तऱ्हा आम्हांस तरी ठाऊक नाही.

सुदासरी नावाच्या ठिकाणी कुंपण घालून राखलेले गवताचे रान आहे. तेथे आमचे वाटाडे एकाएकी थांबले व हळूच म्हणाले, "मास्टरजी, गोडावण!" दूर, गवताच्या वर, एक पांढरी मान दिसत होती. दुर्बीण लावली. डोक्यावर काळी टोपी, पाठ तपकिरी, पाय लांब, उंची जवळजवळ मीटरभर. दोन पावले टाकावीत, थांबावे, पुन्हा दोन पावले, अशी त्याची सावकाश चाल. थोड्या वेळाने त्याच्यामागे दुसरीही मान वर आली. पाच-सात मिनिटांनी दोघे उताराआड दिसेनासे झाले.

हा गोडावण म्हणजेच आपला माळढोक. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी तो चित्रात पाहिला आहे. आम्ही मात्र तो आमच्या लहानपणी वडिलांच्या सायकलीवर पुढे बसून जाताना नान्नजच्या माळावर पाहिला होता. त्या वेळी वडील सहज म्हणाले होते, "हे काय, नेहमीचेच पाखरू." जे नेहमीचे होते ते पाहावयास आम्हांस हजारावर किलोमीटर प्रवास करावा लागला. दुर्बीण खाली ठेवताना आमचे डोळे भरून आले होते, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

माळढोकाची हकीकत थोडक्यात अशी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजन फार थोड्यांचे असते. त्यास मागचे बोट नसते, म्हणून तो झाडावर बसू शकत नाही. त्याचे सारे आयुष्य उघड्या माळावर जाते. टोळ, भुंगेरे, सरडे, धान्य, बोरे हे त्याचे अन्न. टोळ व किडे खाऊन तो शेतकऱ्याचे कामच करीत असतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते कुत्र्याने किंवा कोल्ह्याने नेले अथवा गुरांच्या पायाखाली सापडले, तर त्या वर्षाची सारी आशा संपली.

१९६९ साली देशात हे पक्षी बाराशेच्या वर असावेत असा अंदाज होता. २०१८ च्या सुमारास ते दीडशेच्या आसपास उरले होते, आणि त्यांपैकी बहुतेक याच थरच्या भागात होते. आपल्याकडे सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. परंतु अलीकडील वर्षांत तेथे एखाददुसरा पक्षी दिसला तर दिसतो. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचे नाव सुचविले होते. १९६३ साली तो मान मोरास मिळाला.

तो का नाहीसा झाला? पूर्वी बंदुकीने पुष्कळ मारला गेला, हे एक कारण. दुसरे असे की माळ नांगरले गेले. पाणी आले तेथे ऊस आला. आणि तिसरे कारण ऐकून आम्ही खाली मान घातली: मोकळ्या माळांवर हौसेने दाट झाडी लावण्यात आली. ज्या पक्ष्यास चहूकडे दूरवर दिसल्यावाचून निर्भय वाटत नाही, तो झाडी वाढताच माळ सोडून जातो. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. परंतु गवताच्या माळावर ते लावले असता कोणाचे तरी घर मोडते, ही गोष्ट आमच्या स्वप्नातही आली नव्हती.

आज सर्वांत मोठे भय तारांचे आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंस असल्यामुळे त्यास आजूबाजूचे पुष्कळ दिसते, समोरचे मात्र कमी. शरीर जड, त्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही, आणि तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. जैसलमेरच्या बाजूस वारा व ऊन दोन्ही विपुल, म्हणून तेथे पवनचक्क्या व सौरफलक यांची दाटी झाली आहे. ती वीज धुरावाचून होते व देशास हवी आहे. परंतु ती वाहून नेणाऱ्या तारा याच पक्ष्याच्या वाटेवर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या प्रदेशातील तारा जेथे शक्य तेथे जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये त्यात फेरबदल करून विचारासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या असता निवाडा किती कठीण होतो, याचे हे उदाहरण वर्गात चर्चेस घेण्याजोगे आहे.

तथापि सारेच निराशाजनक नाही. २०१९ पासून सम येथे रानातील अंडी आणून यंत्राच्या उबेत पिले काढण्याचे काम चालले आहे, आणि २०२४ साली कृत्रिम रेतनाने प्रथमच एक पिलू जन्मास आले. पिले वाढतील, परंतु त्यांस सोडावयाचे कोठे? त्यासाठी माळ शिल्लक असावयास हवा.

सायंकाळी जैसलमेरहून चाळीस-एक किलोमीटरांवरील सम येथील वाळूच्या टेकड्यांवर गेलो. वाळूची टेकडी कशी चालते हे येथे डोळ्यांनी दिसते. वारा कणांस पुढे ढकलतो, ते टुणटुण उड्या मारीत सौम्य उतारावरून माथ्यापर्यंत चढतात व पलीकडील उभ्या उतारावर घसरून पडतात. कोरडी वाळू सुमारे चौतीस अंशांहून अधिक उभी राहू शकत नाही, म्हणून सर्व टेकड्यांच्या त्या बाजूचा उतार सारखाच दिसतो. कण मागून पुढे पडत गेले की सारी टेकडी हळूहळू पुढे सरकते. गवताने पकडली तर मात्र ती जागच्या जागी थांबते. सकाळी पाहिलेल्या सेवण गवताचे महत्त्व आम्हांस येथे कळले.

उंटावर बसण्याची हौसही भागविली. उंटाच्या मदारीत पाणी असते ही समजूत खोटी आहे. तीत चरबी असते. त्याची खरी काटकसर निराळीच आहे. दिवसा तो आपल्या शरीराची उष्णता काही अंश वाढू देतो व रात्री ती सोडून देतो, त्यामुळे त्यास घाम फारसा गाळावा लागत नाही. पाणी मिळाले म्हणजे मात्र थोड्या मिनिटांत शंभर लिटरांहूनही अधिक पिऊ शकतो. अंधार पडताच त्या टेकड्यांवर मोठमोठ्याने गाणी सुरू झाली, मोटारी वाळूवर घिरट्या घालू लागल्या, आणि टाकलेल्या बाटल्या पायांत येऊ लागल्या. निसर्ग पाहावयास येणाऱ्यांनी निदान त्याचे ऐकून घ्यावे, एवढीच आमची नम्र सूचना आहे.

तिसऱ्या दिवशी कुलधरा हे ओस गाव पाहिले. जैसलमेरपासून ते अठरा-एक किलोमीटरांवर आहे. येथे पालीवाल ब्राह्मणांची भरभराटलेली वस्ती होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास ती उठून गेली. दिवाण सालिमसिंगाच्या जुलमास कंटाळून चौऱ्यांशी गावांचे लोक एका रात्रीत निघून गेले, अशी दंतकथा वाटाडे रंगवून सांगतात. अभ्यासक मात्र पाण्याचा तुटवडा व करांचा भार हीही कारणे मानतात. भुताखेतांच्या गोष्टी आम्ही ऐकल्या व सोडून दिल्या. कारण त्या लोकांनी मागे ठेवलेली एक गोष्ट भुतांहून पुष्कळ अद्भुत आहे. ती म्हणजे 'खडीन'.

खडीन म्हणजे पाणी अडवून ते जमिनीत साठविण्याची रीत. खडकाळ उतारावर पडलेला थोडासा पाऊस वाहत सखल जागी येतो. तेथे मातीचा लांब, बुटका बांध घालावयाचा, आणि जादा पाणी निघून जाण्यास वाट ठेवावयाची. पावसाळ्यात बांधाच्या आत तळे साचते. ते जमिनीत मुरते, बरोबर आलेला गाळ खत होतो, आणि पाणी ओसरले की त्या ओलीवर गहू व हरभरा पेरावयाचा. पुढे एक थेंबही पाणी द्यावे लागत नाही. दीडशे-दोनशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात गव्हाचे पीक! आजही त्या भागात अशी खडिने पिकतात. पाऊस किती पडतो याहून पडलेला पाऊस कोठे थांबतो, हा प्रश्न मोठा आहे, हे त्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी जाणले होते.

परतीच्या वाटेवर लोदरवा येथे जैसलापूर्वीची भाटी राजधानी व तेथील पार्श्वनाथाचे कोरीव मंदिर पाहिले, आणि रात्रीच्या गाडीने निघालो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. सरकारने तेथे उद्यान केले, कारण तेथे काही नाही हे म्हणणेच चुकीचे होते. तेथे पाणी थोडे आहे. आणि त्या थोडक्यात झाडांनी, प्राण्यांनी व माणसांनी जो संसार मांडला आहे, तो एकदा मोडला तर पुन्हा उभा करता येत नाही. 'उजाड' हा शब्द आम्ही फळ्यावर लिहिला तो त्या भूमीचे वर्णन म्हणून. प्रत्यक्षात ते आमच्या अज्ञानाचे वर्णन होते. शाळा उघडताच त्याच वर्गात, त्याच फळ्यावर आम्ही ते वाक्य पुन्हा लिहिले व सर्वांदेखत पुसले.

त्यानंतर चार रविवार वर्गातील दहा मुले-मुली पहाटे आपल्या वसतिगृहामागील माळावर आमच्याबरोबर येत आहेत. आतापर्यंत त्यांनी चंडोल, टिटवी, तितर, धाविक व एकदा घिरट्या घालणारा भोवत्या यांची नोंद केली आहे. पवन्या, मारवेल व कुसळी ही गवते त्यांस आता ओळखता येतात. माळढोक दिसला नाही; दिसेल अशी खोटी आशा आम्ही त्यांस दाखविलेली नाही.

समितीपुढील आमची सूचना आम्ही लेखी मागे घेतली आहे. झाडे रस्त्याच्या कडेने, विहिरीभोवती व क्रीडांगणाच्या सावलीस लावावीत, आणि माळ गवतालाच ठेवावा, असे नवे निवेदन दिले आहे. काही पालकांस ते पटलेले नाही. "गुरुजी, मोकळी जागा मोकळीच ठेवावयाची, यात कसले शिक्षण?" असे एका पालकांनी आम्हांस विचारले. त्यांचा प्रश्न रास्त आहे. सहा महिन्यांपूर्वी आम्हीही तोच विचारला असता. निर्णय पुढील बैठकीत व्हावयाचा आहे. तत्पूर्वी कोणत्याही रविवारी सकाळी सहा वाजता पालकांनी आपल्या मुलांबरोबर त्या माळावर यावे, अशी आमची विनंती आहे. दुर्बीण शाळेची आहे. येताना जाड तळाची पायताणे मात्र घालावीत, कारण कुसळे फार टोचतात.